एकच हार्ड डिस्क, तिघांची तीन कॉम्प्युटरं: विंडोज, लिनक्स आणि मॅक. फॉरमॅट कोणता करावा?

ग्रंथसखी | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे. जुन्या स्मरणिका, गावच्या उत्सवांच्या पत्रिका, हस्तलिखितं आणि वर्धापनदिनाची भाषणं स्कॅन करून ठेवायचं काम सध्या काढलंय. काम विभागलेलं आहे. स्कॅनर विंडोज १०च्या लॅपटॉपला जोडलाय. वाचनालयातला मुख्य कॉम्प्युटर जुना आहे, म्हणून त्यावर एका कार्यकर्त्याने लिनक्स मिंट टाकून दिलं, ते छान चालतं. पानं साफ करून पीडीएफ बनवायचं काम पुण्यातला एक दादा करतो, त्याच्याकडे मॅकबुक आहे.

या तिघांत फिरवायला २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. दादाला मॅकवर फायली दिसतात, उघडतात, पण त्यावर काही लिहिता येत नाही. लिनक्सवर कधी लिहिता येतं, तर कधी 'फक्त वाचनासाठी' म्हणून सांगतं. डिस्क घेतली तशीच वापरतोय, प्रॉपर्टीजमध्ये एनटीएफएस दिसतंय.

आता सगळं दुसरीकडे उतरवून ती एकदाच नीट फॉरमॅट करायची आहे. कशात करू? फायली साधारण अशा: स्कॅन केलेली टिफ पानं, पीडीएफ, ओसीआर केलेला मजकूर (म्हणजे स्कॅनच्या चित्रावरून कॉम्प्युटरने ओळखलेली अक्षरं, प्रत्येक पानाची वेगळी टेक्स्ट फाइल), आणि कार्यक्रमांची व्हिडिओ रेकॉर्डिंग, जी मोठी आहेत. कृपया कॉम्प्युटर क्लासवाल्यांच्या भाषेत नको, आपल्या भाषेत सांगा.

---

आगाऊ_पेन | सोमवार, रात्री ९.१८

एक्सफॅट. विषय संपला.

---

बारामतीचा_बंड्या | सोमवार, रात्री ९.३१

फॅट३२ करा ताई. सगळीकडे चालतं. टीव्ही, गाडीचा स्टिरिओ, डीव्हीडी प्लेअर, झेरॉक्सवाल्याचं मशीन. माझे सगळे पेनड्राइव्ह फॅट३२ आहेत, आजवर कुणी नाही म्हणालं नाही.

---

बिनधास्त_बायनरी | सोमवार, रात्री १०.०५

बंड्याभाऊ, पेनड्राइव्हला तुमचं बरोबर आहे, या डिस्कला नाही. फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. वर्धापनदिनाचं दोन तासांचं रेकॉर्डिंग कॉपी करायला जाल, तर डिस्कवर दीड टीबी मोकळी असूनही 'फाइल फार मोठी आहे' असं उत्तर येईल. त्यात विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वरच्या डिस्कला फॅट३२चा पर्यायच दाखवत नाही. हे विंडोज ९५च्या उत्तरार्धातलं, १९९६ सालचं तंत्र आहे, त्या काळात ४ जीबीची एक फाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

आगाऊ_पेन यांचं उत्तर बरोबर आहे, पण ताईंनी का ते विचारलं नसलं तरी सांगायला हवं. नाहीतर उद्या अडलं की कुठे बघायचं ते कळणार नाही.

कॉम्प्युटर डिस्कवर नुसत्या फायली ओतत नाही. कुठली फाइल कुठल्या जागी आहे, किती मोठी आहे, कधी बदलली, याची नोंद ठेवण्याची एक पद्धत असते. त्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात, आणि प्रत्येक कंपनीने आपापली पद्धत काढली.

एनटीएफएस ही विंडोजची, १९९३पासूनची. मॅक ती वाचतो पण लिहीत नाही. त्यामुळे दादांच्या मॅकबुकमध्ये बिघाड नाही, ॲपलने मूळ व्यवस्थेत लिहिण्याची सोय ठेवलेलीच नाही. लिनक्सला ती वाचता-लिहिता येते. २०२१मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ आल्यापासून तर लिहिणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, आणि त्याच्या आधीपासून एनटीएफएस-३जी नावाचं वेगळं सॉफ्टवेअर होतंच.

एपीएफएस (२०१७पासून) आणि त्याआधीची एचएफएस प्लस (१९९८) या मॅकच्या. विंडोजला दोन्ही ओळखता येत नाहीत. इथे एक सूचना ठळक करून ठेवतो: मॅकची डिस्क विंडोजला लावली की 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' अशी खिडकी येते. ती बंद करा. ओके दाबू नका. डिस्क धडधाकट असते, विंडोजला ती वाचता येत नाही एवढंच.

ईएक्सटी४ ही लिनक्सची. विंडोज आणि मॅक दोघेही तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

उरली एक्सफॅट. ही मायक्रोसॉफ्टनेच २००६मध्ये काढली, मुख्यतः कार्ड आणि पेनड्राइव्हसाठी. मॅकमध्ये ती २०१० पासून आहे. लिनक्सचं घोडं पेटंटमुळे बरीच वर्षं अडलं होतं. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील जाहीर केला आणि त्याच वर्षी कर्नल ५.४मध्ये ती आली. पुढच्या वर्षी ५.७मध्ये सॅमसंगच्या लोकांनी लिहिलेला चांगला ड्रायव्हर आला. तुमचं मिंट २० किंवा पुढचं असेल तर काहीही वेगळं बसवावं लागणार नाही. १९ असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एक्सफॅट-फ्यूज आणि एक्सफॅट-युटिल्स घ्या.

४ जीबीची अडचण तिथे नाही. तिन्ही ठिकाणी वाचता येतं, लिहिता येतं. म्हणून एक्सफॅट.

---

आगाऊ_पेन | सोमवार, रात्री १०.०९

म्हणजे मी जे दोन शब्दांत सांगितलं ते.

---

बिनधास्त_बायनरी | सोमवार, रात्री १०.१२

हो. पण तुमच्या दोन शब्दांतला दुसरा 'विषय संपला' हा आहे, आणि तो खोटा आहे. :)

---

जुनंखोड | सोमवार, रात्री ११.२०

सगळे एक्सफॅटच्या गळ्यात माळ घालायला निघाले आहेत, तर मी थोडा विरोधी सूर लावतो.

एक्सफॅटला जर्नल नाही. दुकानदार आधी कच्च्या वहीत टिपतो आणि मग पक्क्या वहीत उतरवतो, मध्येच वीज गेली तर कच्ची वही बघून हिशेब लावता येतो. एनटीएफएस, एचएफएस प्लस, ईएक्सटी४ ही कच्ची वही ठेवतात. एक्सफॅट थेट पक्क्या वहीत लिहिते. कॉपी चालू असताना केबल निसटली, तर अर्धवट नोंद तशीच राहते. शिवाय फॅट३२मध्ये निदान फॅट नावाच्या तक्त्याच्या दोन प्रती असतात, एक्सफॅटमध्ये साधारणपणे एकच.

गावाकडे वीज जाते, लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, केबल सैल असते. वाचनालयाचा पन्नास वर्षांचा ऐवज अशा डिस्कवर ठेवायचा का? माझं मत: डिस्क एनटीएफएसच ठेवा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही लिहू शकतात. अडतो फक्त मॅक, आणि मॅकसाठी पॅरागॉन किंवा टक्सेराचं सॉफ्टवेअर विकत मिळतं, ते बसवलं की तोही लिहितो. एकाच माणसाला खर्च.

---

डोंबिवलीचा_सफरचंदवाला | मंगळवार, सकाळी ७.४०

जुनंखोड काका, ते सॉफ्टवेअर मी वापरलंय. चालतं. पण मॅकओएसची मोठी आवृत्ती आली की त्याचीही नवी आवृत्ती लागते, आणि ती येईपर्यंत थांबावं लागतं. पुण्याच्या दादांनी एके दिवशी सकाळी अपडेट केलं की संध्याकाळी डिस्क पुन्हा वाचनापुरती. स्वयंसेवी कामात असं 'ते आता चालत नाही, बघतो' महिनोन्महिने चालतं. म्हणून माझं मत एक्सफॅट.

दादांना मॅकबद्दल या गोष्टी सांगून ठेवा:

फोटो ॲपची लायब्ररी या डिस्कवर ठेवायची नाही. ॲपलच सांगतं की तिला एपीएफएस किंवा मॅकची जुनी फॉरमॅटच लागते. टाइम मशीनचा बॅकअपही एक्सफॅटवर होत नाही. डिस्क जोडल्यावर मॅक 'टाइम मशीनसाठी वापरू का' असं विचारेल, हो म्हटलं तर तो ती पुसून आपल्या फॉरमॅटमध्ये करायला बघेल.

मॅक एक्सफॅटवर लिहिताना टिंब आणि अधोरेखाने सुरू होणाऱ्या चिल्लर फायली सोडतो. मूळ फाइलचं नाव 'पान ०१२' असेल तर तिच्या शेजारी तसंच नाव असलेली पण पुढे टिंब-अधोरेख लावलेली छोटी फाइल येते. मॅकवर त्या दिसत नाहीत, विंडोजवर लपवलेल्या फायली दाखवायचा पर्याय चालू असला की फोल्डरभर दिसतात. त्यांत मॅकची जादा माहिती असते, तुम्हाला तिचा उपयोग नाही, पुसल्या तरी टिफला काही होत नाही. मात्र तुमचा ओसीआर प्रोग्रॅम फोल्डरमधली प्रत्येक फाइल उचलत असेल तर तो त्यांच्यावर अडखळेल. डॉट-क्लीन नावाची आज्ञा मॅकच्या टर्मिनलमध्ये असते, डिस्क परत पाठवण्याआधी दादांनी ती एकदा चालवावी.

आणि डिस्क जोडूनही फाइंडरमध्ये (मॅकच्या फायलींच्या खिडकीत) दिसत नसेल तर लगेच घाबरू नका. आधीच्या वेळी ती नीट न काढता ओढली असेल, तर मॅक जोडल्या जोडल्या मागे तपासणी सुरू करतो. अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये एफएससीके-एक्सफॅट नावाचं काम दिसेल. भरलेल्या २ टीबी डिस्कला बराच वेळ लागतो. चहा-नाश्ता करा, ती आपोआप येते. मध्येच ओढलीत तर पुन्हा पहिल्यापासून.

---

ग्रंथसखी | मंगळवार, दुपारी १.१५

सगळ्यांचे आभार. आता डोकं थोडं चालायला लागलंय. पण लिनक्सवर कधी लिहिता येतं आणि कधी नाही, हे कोडं अजून सुटलं नाही. डिस्क तीच, कॉम्प्युटर तोच. मग रोज वेगळं का?

---

खटपट्या | मंगळवार, दुपारी २.०२

ग्रंथसखी ताई, स्कॅनिंग झाल्यावर विंडोजचा लॅपटॉप शटडाउन करून मगच डिस्क काढता ना? तिथेच गोम आहे.

विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शटडाउन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आतला गाभा अर्धवट झोपवून ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. त्या वेळी जोडलेल्या एनटीएफएस डिस्कवर 'हिचं काम अजून बाकी आहे' अशी खूण राहते. लिनक्स ती खूण बघतं आणि शहाणपणा करून फक्त वाचायला देतं. लिहू दिलं असतं तर उद्या विंडोज जागं होऊन आपल्या जुन्या आठवणीप्रमाणे वर काहीतरी लिहिणार आणि दोघांच्या भांडणात फायली जाणार.

उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवर बटन दाबल्यावर काय करायचं' हे पान उघडा, आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. ती करड्या रंगात दिसत असेल तर वरची 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला' ही ओळ आधी दाबावी लागते. तेवढं करेपर्यंत, शटडाउनच्या आधी डिस्क इजेक्ट करून काढलीत तरी भागतं. रिस्टार्टला हा प्रश्न येत नाही, रिस्टार्ट खरोखर पूर्ण बंद करून उठवतं.

ज्या दिवशी डिस्क आधी काढली त्या दिवशी लिनक्सवर लिहिता आलं असणार. पडताळून बघा.

लिनक्सवर जबरदस्तीने खूण पुसायची आज्ञा नेटवर सगळीकडे सांगतात. ती वापरू नका, विंडोजला लावून तिथेच तपासून घ्या.

---

ग्रंथसखी | मंगळवार, दुपारी २.४०

अगदी तस्संच! शनिवारी घाईत डिस्क आधी काढली होती आणि त्याच दिवशी लिनक्सवर चाललं. खटपट्या, तुम्हाला आमच्याकडून आजीव सभासदत्व. :)

---

जुनंखोड | मंगळवार, दुपारी ३.१०

खटपट्यांचा प्रतिसाद उत्तम, वाचनखूण साठवली. पण बघा, एनटीएफएसने इथे रखवालदाराचं काम केलं. एक्सफॅटवर केली की हे कोडं पडणार नाही, आणि चुकून काढलेल्या डिस्कवर लिनक्स तितक्या ठामपणे अडवणारही नाही. माझा मुद्दा मागे घेत नाही.

---

बिनधास्त_बायनरी | मंगळवार, सायं. ६.३०

काका, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, उत्तर मान्य नाही. ही डिस्क ने-आण करायची आहे, साठवणीची नाही. पुणे-कऱ्हाड फिरणाऱ्या डिस्कवर एकमेव प्रत ठेवली तर ती एनटीएफएस असो की एपीएफएस, एसटीत विसरली की गेली. जर्नल फायलींची यादी जपतं, पडलेल्या डिस्कला किंवा हरवलेल्या पिशवीला त्याचा काय उपयोग?

ताई, वाचनालयाच्या लिनक्स कॉम्प्युटरमध्ये एक अंतर्गत डिस्क ईएक्सटी४मध्ये ठेवा, मूळ संग्रह तिच्यावर. दुसरी प्रत एखाद्या विश्वस्तांच्या घरच्या कपाटात. फिरती डिस्क एक्सफॅट. दादांचं काम आलं की ते मूळ संग्रहात उतरवायचं, मग फिरती डिस्क हवी तर रिकामी करा. असं असेल तर एक्सफॅट बिघडली तरी एका फेरीचं काम जाईल, संग्रह नाही.

फॉरमॅट विंडोजवर करा. मॅकवरही होतं, पण विंडोजच्या खिडकीत अलोकेशन युनिट साइज आपल्याला निवडता येतो, मॅकच्या डिस्क युटिलिटीत तो प्रश्नच विचारत नाहीत. मॅकवर करायचंच झालं तर 'सर्व उपकरणं दाखवा' हा पर्याय निवडून अख्खी डिस्क घ्या आणि स्कीम जीयूआयडी ठेवा.

---

खटपट्या | मंगळवार, सायं. ७.००

अलोकेशन युनिटचा विषय निघालाच आहे, तर ताईंच्या टेक्स्ट फायलींसाठी हे महत्त्वाचं आहे. बाकीच्यांनी हा भाग वगळला तरी चालेल.

डिस्कवरची जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांतच वाटली जाते. एनटीएफएसमध्ये हा तुकडा सहसा ४ केबीचा. विंडोज ३२ जीबीच्या वरची डिस्क एक्सफॅट करतं तेव्हा आपण काही न निवडल्यास तुकडा १२८ केबीचा होतो. फाइल एका अक्षराची असली तरी अख्खा तुकडा अडतो.

मराठीचं एक पान म्हणजे साधारण दीड हजार अक्षरं, युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे ५ केबीच्या आत-बाहेर. ५० हजार पानांच्या वेगळ्या फायली धरल्या तर खरा मजकूर २५० एमबी, पण १२८ केबीच्या हिशेबाने डिस्कवर सहा जीबीच्या वर जागा अडते. त्यात मॅकच्या त्या टिंबवाल्या चिल्लर फायली, त्यांनाही प्रत्येकी एक तुकडा.

टिफचं उलट आहे. ए४ पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं की न दाबलेली फाइल २६ एमबीच्या आसपास होते, तिला १२८ केबीचा तुकडा म्हणजे काहीच नाही, उलट मोठा तुकडा बरा.

२ टीबीत सहा जीबी म्हणजे चिल्लर. जागेपेक्षा वेळ जास्त जातो: हजारो छोट्या फायली फिरत्या तबकडीवर कॉपी करायला एका मोठ्या फाइलपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून एका स्मरणिकेचा सगळा मजकूर एका झिप फाइलमध्ये घालून पाठवा. जागा, वेळ आणि चिल्लर फायली, तिन्ही प्रश्न एकदम मिटतात. युनिट साइज मग १२८ केबीच राहू द्या.

---

बारामतीचा_बंड्या | मंगळवार, रात्री ८.१५

२ टीबीची डिस्क आणली तर माझ्या विंडोजवर १.८१ टीबी दाखवते आणि पुतण्याच्या मॅकवर पूर्ण २ टीबी. मॅकवाल्यांना जास्त जागा मिळते का?

---

बिनधास्त_बायनरी | मंगळवार, रात्री ८.२२

हा हा. नाही हो. कंपनी आणि मॅक हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं आणि नाव मात्र टीबीच लावतं. मॅकने २००९पासून हजाराचा हिशेब धरला. डिस्क तेवढीच.

---

शुद्धलेखन_पोलीस | मंगळवार, रात्री १०.५०

सगळे फॉरमॅटवर बोलत आहेत, मला फायलींच्या नावांची काळजी आहे. मी एका संस्थेचं असंच काम केलंय, आणि खरा ताप तिथे झाला. फायली देवनागरी नावांच्या आहेत का?

असतील तर पहिला सापळा विसर्गाचा. आपल्याकडे निम्मे लोक 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टाइप करतात. डोळ्यांना फरक कळत नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४वर कोलनवालं नाव बिनतक्रार चालतं. विंडोजमध्ये फाइलच्या नावात कोलन चालत नाही, एक्सफॅटलाही चालत नाही, त्यामुळे कॉपी करताना नेमकी तीच फाइल अडते. ती एक फाइल का अडली हे शोधत बसलेला माणूस मी पाहिलाय. प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह, उभी रेघ, तारा, तिरकी रेघ यांनाही विंडोजची हरकत असते. 'आपण कुठे चाललो आहोत?' हे भाषणाचं शीर्षक फाइलच्या नावात लिहिताना प्रश्नचिन्ह सोडा.

दुसरा सापळा तुमच्या गावाच्याच पत्त्यात आहे. कऱ्हाडमधला ऱ. युनिकोडमध्ये हे एक स्वतंत्र अक्षर आहे, पण साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही तो लिहिता येतो, आणि दोन्ही एकच मानायचे असा नियम आहे. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव साठवतानाच एकाचे दोन करून ठेवते. २०१७ची एपीएफएस तसं करत नाही. लिनक्स मात्र 'दिसायला सारखं' वगैरे मानत नाही, चिन्हं वेगळी तर नाव वेगळं. दादांकडे जुनी एचएफएस प्लस डिस्क असेल आणि तिथून आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने लिनक्सवर आणलं, तर 'कऱ्हाड १९७२' नावाचे दोन फोल्डर शेजारी दिसतील, अगदी जुळे. एकात जुनं काम, दुसऱ्यात नवं.

आणि काही कीबोर्ड हा ऱ तिसऱ्याच पद्धतीने देतात, र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, सगळ्यांना हेच. त्यासाठी मात्र नियमही मदत करत नाही, ते खरोखर वेगळं नाव धरलं जातं.

माझा सल्ला कठोर आहे आणि देताना मला आनंद होत नाही: फाइलचं नाव इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत ठेवा, वर्ष, क्रमांक, पान. शून्य लावून तीन आकडी पान, म्हणजे क्रम बिघडणार नाही. मराठी नावं एका तक्त्यात लिहा, कुठल्या क्रमांकाला कुठली स्मरणिका. मराठीवर प्रेम असणं वेगळं आणि तीन सिस्टिमना एकाच ऱवर एकमत करायला लावणं वेगळं.

---

आगाऊ_पेन | मंगळवार, रात्री ११.०५

पोलीस साहेब, पहिल्यांदाच तुमचा प्रतिसाद कामाचा वाटला. कृपया हलके घ्या.

---

डोंबिवलीचा_सफरचंदवाला | बुधवार, सकाळी ८.२०

ऱचा किस्सा भारी. माझ्या आडनावात आहे, आज कळलं बँकेच्या पीडीएफचे दोन फोल्डर का झाले होते.

जाता जाता, अक्षरांच्या आकाराचंही बघा. लिनक्सवर इंग्रजी मोठ्या आणि छोट्या अक्षरांची नावं वेगळी धरतात, विंडोज आणि एक्सफॅट एकच धरतात. नावं इंग्रजीत ठेवणार असाल तर सगळी छोटी अक्षरं.

---

ग्रंथसखी | बुधवार, दुपारी १२.३०

फायलींची नावं सगळी मराठीत आहेत, आणि दोन-तीन कार्यकर्त्यांनी आपापल्या मोबाइल कीबोर्डवरून ठेवली आहेत. म्हणजे ऱचे तिन्ही प्रकार असणार. तक्ता करायला बसवते एखाद्या कॉलेजच्या मुलाला.

अजून एक. सभासदांची जुनी रजिस्टरंही स्कॅन केली आहेत, त्यांत पत्ते आणि फोन नंबर आहेत. ती याच डिस्कवर पुण्याला जातात. त्याला कुलूप लावता येईल का?

---

खटपट्या | बुधवार, दुपारी १.१०

येईल, पण विंडोजचं बिटलॉकर नको, ते मॅकवर उघडणार नाही. मॅकचं आणि लिनक्सचं स्वतःचं कुलूपही एकमेकांना चालत नाही. व्हेराक्रिप्ट तिन्हींवर चालतं आणि फुकट आहे. ट्रूक्रिप्ट २०१४मध्ये बंद पडलं, त्याच्याच कोडवरून हे पुढे नेलं गेलं. अख्खी डिस्क कुलपात घालू नका. एक्सफॅटवर एक ठरावीक आकाराची व्हेराक्रिप्ट फाइल बनवा, समजा २० जीबीची, आणि रजिस्टरं तिच्यात टाका. उघडली की ती वेगळी डिस्क म्हणून दिसते. बनवताना आतला फॉरमॅटही एक्सफॅटच निवडा, नाहीतर तिथे पुन्हा हाच धागा सुरू करावा लागेल. दादांना मॅकवर आधी मॅकफ्यूज नावाचं मदतनीस सॉफ्टवेअर बसवावं लागेल.

पासवर्ड डिस्कवर चिठ्ठी चिकटवून पाठवू नका. गंमत नाही, पाहिलंय.

पण मुळात रजिस्टरं पुण्याला जायची गरज आहे का, तेही बघा. साफसफाईला स्मरणिका जाऊ देत, पत्ते-फोन गावातच राहू देत.

---

जुनंखोड | बुधवार, सायं. ५.४५

ठीक आहे, मूळ प्रत ईएक्सटी४वर वेगळी ठेवणार असाल तर माझा एक्सफॅटला विरोध नाही. मात्र दोन अटी.

एक, डिस्क काढताना तिन्हींवर इजेक्ट करूनच काढायची. विंडोज १०मध्ये २०१८च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' हीच मूळ सेटिंग आहे, म्हणून लोक बिनधास्त ओढतात, पण त्याचा अर्थ चालू कॉपी मध्येच ओढली तरी चालतं असा नाही. लिनक्सवर तर जास्त काळजी. कॉपीची पट्टी पूर्ण भरते, आपल्याला वाटतं झालं, आणि प्रत्यक्षात निम्मं मेमरीतच असतं, डिस्कवर नंतर हळूहळू उतरतं. इजेक्ट दाबल्यावर 'लिहिणं चालू आहे, काढू नका' म्हणतं, तेव्हा खरंच काढायचं नाही.

दोन, प्रत्येक फेरीबरोबर शा-२५६ची यादी पाठवा. प्रत्येक फाइलवरून एक लांबलचक आकडा निघतो, एक बिट जरी बदलला तरी आकडा बदलतो. तिन्ही सिस्टिममध्ये तो काढायची सोय आधीपासून आहे. पुण्यात पोचल्यावर दादांनी आकडे जुळवायचे, परत आल्यावर तुम्ही. अर्धवट कॉपी झालेलं टिफ उघडतं, दिसतंही, फक्त खालचं अर्धं पान करडं असतं, आणि ते सहा महिन्यांनी कळतं, तोवर मूळ कागद कुणीतरी रद्दीत दिलेला असतो.

---

बारामतीचा_बंड्या | बुधवार, सायं. ६.०५

डिस्कचे दोन भाग केले तर? एक एक्सफॅट, एक मॅकचा बॅकअप. एका डिस्कमध्ये दोन कामं.

---

बिनधास्त_बायनरी | बुधवार, सायं. ६.४०

तांत्रिकदृष्ट्या होतं. मी करणार नाही. तुम्ही विंडोजवर लावली की दुसऱ्या भागासाठी 'फॉरमॅट करा'ची खिडकी प्रत्येक वेळी येणार आणि एक दिवस कुणीतरी हो म्हणणार. शिवाय डिस्क पडली तर दोन्ही भाग एकदम जातात. बॅकअपला वेगळी डिस्क.

---

ग्रंथसखी | रविवार, सकाळी ११.००

झालं सगळं. आधी सगळा माल लिनक्स कॉम्प्युटरमधल्या नव्या डिस्कवर उतरवला, एक प्रत अध्यक्षांच्या घरी गेली, मग फिरती डिस्क विंडोजवर एक्सफॅट केली. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं. लिनक्सवर ती लगेच दिसली, लिहिताही आलं. दादांकडे काल पोचली, त्यांच्या मॅकवरही लिहिता आलं. रजिस्टरं गावातच ठेवली. नावांचा तक्ता चालू आहे, ऱचे प्रकार खरोखर तीन निघाले, आणि विसर्गवाल्या फायली तर मोजायच्या सोडून दिल्या.

शेवटचा प्रश्न. वाचनालयाच्या हॉलमधल्या टीव्हीला ही डिस्क लावली तर 'उपकरण समर्थित नाही' म्हणतो. पुढच्या रविवारी जुन्या भाषणांचं रेकॉर्डिंग दाखवायचं आहे.

---

खटपट्या | रविवार, सकाळी ११.२५

टीव्हीला एक्सफॅट येईलच असं नाही, मॉडेलवर आहे. त्यासाठी फिरत्या डिस्कला हात लावू नका. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, तो फॅट३२ करा, आणि ४ जीबीच्या आतली व्हिडिओ फाइल त्यावर टाका. मोठी असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून लहान एमपी४ करून घ्या, व्हिडिओचा प्रकार एच.२६४ ठेवा, बहुतेक टीव्ही ते वाजवतात. मूळ फाइल संग्रहात तशीच राहू द्या.

---

बारामतीचा_बंड्या | रविवार, सकाळी ११.३१

बघा, शेवटी फॅट३२च.

---

ग्रंथसखी | रविवार, दुपारी ४.५०

पेनड्राइव्ह चालला, आवाजही स्पष्ट आहे. बंड्याभाऊ, रविवारी साडेपाचला या, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते.